रागिणीचे तीस दिवस

१७ मार्च २०२५, सोमवार

ही वही कृषी केंद्राची हाये. दर पानावर वरते कपाशीचं बोंड आन खालते फवारनीच्या औषधाची जाहिरात. आरतीचे बाबा दर साली एक आनत, चार-सहा महिने लिहीत आन फेकून देत. ही गेल्या सालची. जुलैपर्यंत त्याईचं अक्षर हाये, पुढं सारी कोरी. म्हनलं, वाया काहून जाऊ द्या.

मी सातवी पास. तेही पुंजाराम गुरुजीच्या छडीच्या भरोशावर. वहीत शाळेसारखं शुद्ध लिहावं असं वाटते, पन तोंडात हाये तेच हातातून येऊन राहिलं. वाचनार कोन? उंदीर. त्याईची काही तक्रार नाई.

काल आरतीचा अमरावतीहून फोन आला. होळीले आली होती तवा बापाचा फोन घेऊन गेली, का त्यातला एखादा चांगला फोटो मोठा करून आनतो, आखजीच्या (शाळेत अक्षय्य तृतीया म्हनत) घागरीमागं ठेवाले. मी म्हनलं ने. आता वाटते काहून नेऊ देल्ला.

"माय, रागिणी कोन हाये?"

मी भाकर थापून राहिली होती. हात तसाच राह्यला.

"कोन रागिणी?"

"रागिणी अकोलकर. बाबा दीड वर्स बोलत होते तिच्यासंग. फेसबुकच्या मेसेजवर. मी सारं वाचलं."

म्हनलं, "मले काय माईत व बाई?" आन फोन ठेवला. भाकर जळाली. कुत्र्यालेही देता आली नाई.

रागिणी कोन हाये ते मले माईत नसन तर कोनाले असंन! ती आमच्याच गोठ्यात जन्मली. माया हातानं.

१९ मार्च

रागिणी कशी झाली ते लिहून ठेवू. कुठंतरी खरं बोलाव लागते मानसाले.

तेविस साल नुकतं लागलं होतं, हिवाळा. तानुबाईची सून पिंकी आमच्या बचत गटाची सचिव. तिनं मले फोन शिकवला, माया नावाचं फेसबुक काढून देल्लं. अकरा दोस्त, साऱ्या गटातल्या बाया. त्याईचं फेसबुक मोठं. सकाळी ओट्यावर बसून बैलजोडीचा फोटो टाकत, आन मंग कोनाच्या गाईले अंगठा, कोनाच्या ट्रॅक्टरले अंगठा. मी चहा घेऊन बाजूले उभी, तर वरते पाहत नसत.

मी पिंकीले म्हनलं, "याईले एक बायको कमी पडून राहिली वाटते. दुसरी करून दे."

पिंकी बी तशीच. म्हने, "नाव काय ठेवू, काकू?"

"रागिणी."

"आडनाव?"

"अकोलकर लिव. अकोल्याची असली म्हनजे जरा भारी वाटते."

"वय?"

"चौतीस."

"काकू, लाज!"

"बरं मंग, छत्तीस लिव."

फोटोत सूर्यफूल टाकलं. रागिणीनं पयला मेसेज केला, तुमच्या बैलांचे फोटो फार छान असतात. दोन दिवस काही नाई. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नमस्कार. बैलाचे नाव सर्जा आन पेंग्या. आपन कोन?"

मी गोठ्यात जाऊन हासली. मायं हासनं नाकातून येते, इंजिनासारखं. पदर कोंबला तोंडात.

आठ दिवसाची मस्करी होती. ज्या दिवशी सांगीन त्या दिवशी भल्ली मजा येईन, असं म्हनत म्हनत सांगाचं राहून गेलं. लोनचं मुरू द्याव, मुरू द्याव करतानी बरनीच फुटली.

२२ मार्च

आरती आली होती. सकाळच्या गाडीनं आली, दुपारच्या गाडीनं गेली. जेवली नाई. अमरावतीच्या शाळेत शिकवते, रोज चाळीस पोराईवर ओरडते, पन माया समोर कधी आवाज चढवला नव्हता.

"तुले माईत होतं ना, माय?"

"नाई."

"मंग तू चिडली काहून नाई? दुसरी कोनी असती तर त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या."

काय सांगू? माया झिंज्या माया हातानं कशा उपटू?

मंग म्हने, "आन त्या लाल चपला?"

याची मले भीती होती. गेल्या जुलैत बाबा अकोल्याच्या बसस्टँडवर वारले तवा त्याईची पिशवी जवाईबापूनं आनली. अमोल साधा मानूस, सारं काढून पलंगावर ठेवलं. चष्मा, पाण्याची बाटली, आन एक खोकं. वरचं झाकन उचकलेलं. आत लालभडक लेडीज चपला. आरतीनं तवाच पाह्यल्या होत्या, पन त्या दिवशी कोनाचं डोकं ठिकानावर होतं?

म्हनलं, "मायासाठी घेतल्या असतीन."

आरतीनं माया तोंडाकडे पाह्यलं. खोटं बोलनाऱ्या पोराकडे मास्तरीन पाहते तसं. आन खोटंच होतं ते. त्या रागिणीसाठी होत्या. "तुमाले कोनता रंग आवडते" असं त्याईनं तिले इचारलं होतं, आन मी लिहिलं होतं लाल. मी ते खोकं त्याच दिवशी कोठीवर फेकलं. घालून पाहनं तर दूर, उघडलं बी नाई. नवऱ्यानं दुसरीसाठी आनलेली चप्पल घालनारी मी नाई. ती दुसरी मी असली तरी नाई.

जातानी दारात उभी राहून आरती म्हने, "आखजीले मी येनार नाई. मी पानी वतनार नाई. त्या बाईले बलाव."

आमाले पोरगा नाई. बाबा हासत हासत म्हनत, "मी मेलो का पयल्या आखजीले घागर आरतीच्याच हातानं भरजा. जवाई वतन तर मी पिनार नाई." पयल्या आखजीले घागर भरली नाई तर मेलेला मानूस सालभर तहानेला राह्यते म्हनतात. मी या गोष्टी मानत नाई. पन त्याईले तहान लागली असंन, हे मले झोपू देत नाई.

२६ मार्च

ठरलं. रागिणीले मिटवून टाकाचं. ना राह्यन बाई, ना राह्यन भांडन. आरती शोधन, सापडनार नाई, मंग विसरन.

पन तिच्यासंग त्याईचे सारे बोलने बी जातीन. म्हनून चार दिवसापासून दुपारी बसून वहीत उतरवून घेऊन राहिली. सारे नाई. मले आवडले ते.

"आपन अकोल्याच्या, मंग 'काहून' कशा लिवता?" (मी लिहिलं, माहेर बार्शीटाकळीकडचं. त्याईनं हात जोडेल चित्र पाठवलं. विश्वास बसला.)

"आज वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. घरी म्हनता येत नाई, ताट उचलून नेते. तुमाले सांगून मन हलकं केलं." (दुसऱ्या दिवशी मी मोजून मीठ घातलं. संध्याकाळी रागिणीले आलं, "आज भाजी एक नंबर." पाहा, घरच्या बायकोले शाबासकी नाई, बाहेरच्या बाईले खबर.)

"आमची हासते तवा नाकातून इंजिनाचा आवाज काढते. अडतीस वर्सं झाले, अजून गोठ्यातून ऐकू आलं का हातातलं काम थांबते. तिले सांगजा नोका."

हे आलं तवा मी गोठ्यातच होती. मी नाक धरून बसली, त्याईले ऐकू जाऊ नये म्हनून. बाहेरून त्याईचा खोकला आला. खोकला का हासनं, समजलं नाई.

"गुडघे दुखत असतीन तर रात्री एरंडीचं तेल चोळा. काल बजारातून आनलं, फडताळात डाव्या हाताले ठेवलं हाये."

आता मले सांगा, अकोल्याच्या रागिणीले आमच्या फडताळातलं तेल काय कामाचं? भोळा मानूस. मी मात्र रोज रात्री चोळलं. फायदा झाला.

"तुमी भेटल्यापासून घरी बोलनं सोपं झालं." हे काहून लिहिलं ते मले आजही उमगलं नाई. घरी तर काहीच बोलत नव्हते.

शेवटचे तीन उतरवले नाई. ते पाठ हायेत.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला. आज पिंकी आली. तिले म्हनलं, "रागिणीले मारून टाक."

ती हासली नाई. काकू खरंच? असं दोनदा इचारलं. मंग फोन घेऊन बसली. इतके आडपडदे! इकडे दाबा, तिकडे दाबा, नक्की काय, पक्कं काय, कारन काय.

म्हनलं, "लिव, मस्करी अंगावर आली."

"तसं कारन नसते तिथं, काकू."

मंग पासवर्ड मांगतला. "सर्जापेंग्या" टाकला. शेवटचं बटन पिंकीनं माया बोटानं दाबवलं. म्हने, पाप माया डोक्यावर नको.

"झालं?"

"झालं बी आन नाई बी. आजपासून कोनाले दिसनार नाई. पन तीस दिवसाची मुदत असते. तेवढ्यात तुमी उघडलं तर पुन्हा जित्ती होईन. नाई उघडलं तर कायमची गेली. मंग कोनीही आनू शकत नाई."

"कवा संपते मुदत?"

"तीस एप्रिल."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाह्यलं. तीस एप्रिलले आखजी.

मानसाले तेरा दिवस, आन रागिणीले तीस. पिंकी गेल्यावर मी मोरीत जाऊन हात-पाय धुतले. मसनातून आल्यावर धुतात तसे. काहून धुतले, माईत नाई.

१ एप्रिल

सवयीनं गोठ्यात गेली, फोन काढला. तिथं काहीच नाई.

७ एप्रिल

मी केलं एक आन झालं दुसरंच.

आरतीचा फोन. "पळाली माय ती! तिचं नाव गेलं, फुलाचा फोटो गेला. आता तिथं नुसतं 'फेसबुक वापरकर्ता' लिहेल हाये. पाप असल्याशिवाय कोनी पळते काय?"

"अन् बाबाचे मेसेज?"

"ते सारे हायेत ना बाबाच्या फोनात. तिचे बी हायेत. नाव तेवढं पुसलं."

म्हनजे काहीच मिटलं नव्हतं! मी इकडे चार दिवस उतरवत बसली, अन् तिकडे सारं जिथल्या तिथं. मिटलं ते नुसतं मायं दार. ज्या दारातून मी आत जात होती ते.

म्हनलं, "मेली असंन ती. मेलेल्या बाईवर कायचा राग?"

आरती म्हने, "मेली असन तर बरंच झालं."

मी "हौ" म्हनलं. दुसरं काय म्हननार?

१६ एप्रिल

बार्शीटाकळीच्या बजारात गेली होती. घागर घेतली. चार वाजवून पाह्यल्या, पाचवी बोलली. खरबूज आखजीच्या आदल्या दिवशी घेऊ. कुरडया घरच्या हायेत. पानी वतनारी नाई, बाकी सारं हाये.

ऊन असं का डांबर चिकटून राहिलं. चप्पल तुटली, तार बांधली. माया डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसेल हाये. लग्नाच्या पयल्याच साली बैलानं पाय देल्ला. तवापासून एक बी चप्पल धड बसत नाई. दुकानातली नवी घेतली का चार दिवसात करंगळीपाशी चावते, रक्त काढते. म्हनून मी जुनीच ओढत असतो म्हना, फाटेपर्यंत.

यावरून आठवलं. गेल्या जुलैत मायी डावी चप्पल हरवली होती. एकच. उजवी दारातच. मी साऱ्या गल्लीतल्या कुत्र्याईले शिव्या देल्ल्या. बाबा म्हने, "कुत्र्याले बी डावीच आवडली काय?" आन ओट्यावर बसून हासत राह्यले. आठ दिवसानं गोठ्याच्या मागं सापडली. धुवून पुसून. इतका चांगल्या चालीचा कुत्रा मी आजवर पाह्यला नाई.

तानुबाई भेटली बजारात. म्हने, "माणिक, घागर तर घेतली, आरती येऊन राहिली ना?"

म्हनलं, "न येऊन जाईन कुठं? तिच्या बापाची तहान हाये, तुयी नोहे."

घरी येऊन घागर कोपऱ्यात ठेवली. रिकामी घागर घरात भल्ली मोठी दिसते.

२२ एप्रिल

आज ते शेवटचे तीन लिहून टाकतो वहीत. पोटात ठेवून पोट दुखून राहिलं.

पयला, अठरा जुलैचा. "दोन दिवसापासून छाती जड वाटते. घरी सांगतलं नाई. ती घाबरते, मंग रागावते, मंग रडते."

रागिणीनं लिहिलं, डॉक्टरांना दाखवा ना. त्याईनं लिहिलं, "एकटं जावं वाटत नाई. सोमवारी अकोल्याले जातो. तुमी येसान काय संग?"

मी काय समजली? मी समजली, म्हातारा बहाना करून राहिला. छातीचं नाव आन भेटीचा डाव. मले हासू बी आलं आन रागही. म्हनलं, आता सापडला. लिहिलं, "हो येते. सोमवारी अकरा वाजता, नव्या बसस्टँडवर, अमरावतीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर."

बावीस जुलै. सोमवार. आंघोळ करून पांढरा शर्ट घातला, जो आरतीच्या लग्नात घातला होता. दारात थांबले. मले म्हने, "येतं काय अकोल्याले?"

मले! रागिणीले बलावून बायकोले इचारते! म्हनलं, "मी काय करू तिथं येऊन? जा तुमी."

त्याईनं पाह्यलं माया कडे. म्हने, "बरं. सावकाश ये." आन गेले. मी म्हनलं, काय बोलले हे? ऊन लागलं वाटते, पावसाळ्यात.

मायं ठरलं होतं. मागच्याच जीपनं जाचं, मागून जाऊन कान धराचा. काय वो, कोनाची वाट पाहून राहिले? तीच ती मजा, दीड वर्स मुरवलेली. पन निघता निघता सैतान शिरला. म्हनलं, बसू दे दोन तास तपत. बाराच्या जीपनं जाऊ. मी चहा मांडला. एकटी बसून नाकातून हासत होती.

अकरा वीसले मेसेज आला. "आलो मी. बसलो हाव. तू उशीर झाला तरी ये."

रागिणीले रोज 'तुमी' म्हननारा मानूस त्या दिवशी 'तू' म्हनला. मी म्हनलं, पाहा, पायरी सोडली म्हाताऱ्यानं. अजून अर्धा तास तपू दे.

बाराले दहा कमी असतानी फोन आला. त्याईच्याच फोनावरून, पन आवाज दुसऱ्याचा. बाकावरच मान टाकली म्हने.

दाखवाले जानार होते डॉक्टरले. खरंच जानार होते. छाती खरंच जड होती. मी बाजूले असती तर? हे मी कोनाले सांगतलं नाई. पिंकीलेही नाई. गावात सारे समजतात, ते खताच्या पावतीसाठी गेले होते.

२५ एप्रिल

आरतीचा फोन नाई. मी केला, तिनं उचलला नाई. अमोलनं उचलला. म्हने, "माय, ती फोटो बी करून नाई आनत म्हनते. मी समजावून पाह्यलं." बिचारा.

तीस तारीख पाच दिवसावर. रागिणी मेली का मायी सुटका. कोनाले कधी समजनार नाई का मी नवऱ्याची छेड काढत होती, आन छेड काढता काढता त्याले मारला.

फक्त त्याईचं नाव खराब राह्यन. पोरीच्या मनात, जन्मभर. तिच्या बापानं तिच्या मायले फसवलं असं ती मरेपर्यंत समजन. आन त्याईनं तर आयुष्यात कोनाचा बैलही जास्त हाकलला नाई.

२६ एप्रिल

सकाळीच उघडलं. पिंकीले बलावलं नाई. "सर्जापेंग्या" टाकला. फोननं इचारलं, मिटवनं रद्द कराचं काय? दाबलं. रागिणी उठून बसली. सूर्यफूल तसंच टवटवीत, मरून आल्यावानी दिसतही नव्हती.

त्याईच्या नावावर बोट ठेवलं. खालते तेच, "उशीर झाला तरी ये."

त्याच्याखाली लिहिलं. चार बार पुसलं, पाचव्या बारी पाठवलं. "आरती, मी तुयी माय. रागिणी मीच होती. मस्करी होती. तुया बापाचा काही दोष नाई."

मंग वाट पाहत बसली. गाईनं शेपटी मारली तोंडावर, तरी उठली नाई. दुपारून खाली बारीक अक्षरात आलं, पाह्यलं म्हनून. आन मंग त्याईच्या नावासमोर, त्याईच्या टोपीवाल्या फोटोपाशी, तीन टिंबं हालू लागले. कोनी लिहून राहिलं का असे हालतात.

मले माईत होतं तिकडे आरती हाये. फोन तिच्यापाशी हाये. सारं माईत होतं. तरी माया तोंडून निघालं, "अवो, ऐकता काय?"

उत्तर आलं, "माय?"

"हौ."

टिंबं पुन्हा हालले. भल्ली देर हालले. मंग थांबले. काहीच आलं नाई.

२८ एप्रिल

काहीच नाई.

२९ एप्रिल

खरबूज आनलं. पुरन शिजवलं. कोनासाठी शिजवलं, माईत नाई.

३० एप्रिल, आखजी

आठच्या गाडीनं आरती आली. हातात बापाचा फोटो, कागदात गुंडाळेल. डोळे सुजेल. मी दारात उभी. म्हनलं आता थोबाडीत देते का काय. मायले पोरीनं मारलं तरी मी काही बोलली नसती.

ती म्हने, "पानी तापव. पाय धुवाचे हायेत."

पाय धुतले, आंघोळ केली. मंग ओट्यावर माया बाजूले बसली, जिथं ते बसत. बापाचा फोन काढला.

"चार रात्री वाचलं, माय. पयल्यानं वाचलं तवा एक अनोळखी बाई दिसत होती. आता तू दिसतं. तू कधी नीट वाचलं काय हे?"

"दीड वर्स वाचलं."

"एरंडीचं तेल फडताळात डाव्या हाताले ठेवलं. हे अकोल्याच्या बाईले काहून सांगतीन?"

"भोळा होता तुया बाप."

आरतीनं कपाळावर हात मारला. आन हासू लागली. मी पयल्यांदा ऐकलं, तिचंही हासनं नाकातूनच येते. हासता हासता रडू लागली.

"गोठ्यातला इंजिनाचा आवाज?"

मी पदरानं नाक दाबलं.

"माय, त्या लाल चपला काढ."

"मले नोको."

"काढ म्हनतो ना!"

कोठीवरून खोकं काढलं. नऊ महिन्याची धूळ. आरतीनंच उघडलं. दुकानातल्या नव्हत्या त्या, हातानं शिवेल होत्या. तिनं माया उजव्या पायात उजवी घातली. बसली. मंग डावी उचलली आन तशीच धरून राह्यली. मले दाखवली.

करंगळीपाशी चामडं बाहेर काढेल होतं. वाटीसारखी जागा, वरतून नरम कापड लावेल. एका चढेल बोटाएवढी जागा.

पाय आत गेला. करंगळी त्या वाटीत जाऊन बसली. तिचं घर असल्यावानी.

मले मायी हरवेल चप्पल आठवली. धुवून पुसून सापडेल. मंग तेल. मंग मीठ. मंग "सावकाश ये". मंग "तू". एकामागून एक, दावं सुटल्यावर ढोरं निघतात तसं सारं निघत गेलं.

आरती म्हने, "रड, माय."

मले रडू आलं नाई. मले तो बाक दिसत होता. म्हातारा पांढरा शर्ट घालून रागिणीची वाट पाहत बसला, असं मी नऊ महिने समजत होती, आन त्याचाच आधार होता मले, थोडासा. रागिणीची वाट पाहत होता तर पाहू दे. पन तो रागिणीची पाहत नव्हता. छाती धरून मायी पाहून राहिला होता. आन मी घरी चहा पेत होती.

ते सांगतलं आरतीले. बाराच्या जीपचं. अर्धा तास तपू दे म्हनलं होतं, ते बी. काही लपवलं नाई. आरती उठली, आंगनात गेली, पाठ करून उभी राह्यली. मले वाटलं, ही आता चपला घालून गाडीले जाते.

ती आत आली. फोटो पाटामागं ठेवला. घागर उचलली, रांजनापाशी नेली, भरली. घागरीच्या गळ्याले सूत गुंडाळलं, वरते खरबूज ठेवलं, सारं बरोबर. कोनी शिकवलं होतं तिले? मंग तांब्यानं पानी वतलं.

"घ्या, बाबा."

माया कडे पाह्यलं नाई. पन तांब्या माया हातात देल्ला. "तू बी वत."

मी वतलं.

१ मे

आरती गेली. जातानी बापाचा फोन ठेवून गेली. म्हने, "हा तुयाच." अजून नीट बोलत नाई. पन लोनच्याची बरनी मांगून नेली.

५ मे, सोमवार

सकाळी लाल चपला घातल्या. तानुबाई दारातच होती.

"काय व माणिक, या वयात लाल?"

"मालकाईनं आनल्या. तुले जळाचं असन तर सावलीत बसून जळ."

साडेनवाची जीप, मंग अकोला. नव्या बसस्टँडवर अकराले दहा कमी असतानी पोचली. बाक तोच. वरती अमरावतीची पाटी. एका टोकाले बसली, दुसऱ्या टोकाची जागा पिशवी ठेवून धरली.

अकरा वाजले. रागिणी उघडली. खूप लिहाचं ठरवून आली होती. मीठाचं, तेलाचं, कुत्र्याचं. नुसतं लिहिलं, "आली मी."

पिशवीत त्याईचा फोन वाजला.

काढून पाह्यला. रागिणीचं सूर्यफूल, आन "आली मी." त्याच्यावरते "उशीर झाला तरी ये." दोन्ही एकाखाली एक, बाविस जुलैपासून आजवर मधात काही झालंच नाई असं. (मधात मायी चिठ्ठी आन आरतीचं "माय?" होतं. ते आरतीनं पुसेल दिसलं.) माया फोनात खालते आलं, पाह्यलं.

एक मानूस धावत आला. "मावशी, अमरावतीची गाडी गेली काय?"

"माईत नाई, बापू. मी आताच आली."

मंग रागिणीले मिटवलं. एकटीनं. पक्कं काय, नक्की काय, सारं दाबत गेली. फोननं मुदतीची चार जून तारीख सांगतली. या बारीले हात धुतले नाई.

त्याईचं फेसबुक राहू देल्लं. बैलाचे फोटो हायेत.

बसस्टँडवरून घरापर्यंत आली, मधात बजारातूनही फिरली. चप्पल कुठंच चावली नाई.